पिकते शेतात, मग पानात का नाही?



दिवाळीनंतर बार्शीहून कोणत्याही रस्त्याने निघा. वैरागकडे जा, पांगरीकडे जा, नाहीतर आगळगावकडे वळा. काळ्या रानात ज्वारीची हिरवी ताटे डोलताना दिसतील. फाल्गुन-चैत्रात खळी उरकली की बार्शीच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. पुण्या-मुंबईच्या दुकानांत बार्शीचे नाव सांगून ज्वारी विकली जाते. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगायचे तात्पर्य, ज्वारी ही आपली ओळख आहे.

आता रानातून घरात या आणि जेवणाचे पान पाहा. सकाळी चहाबरोबर बिस्किटाचा पुडा. दुपारी बारीक चाळणीने चाळलेल्या कणकेची चपाती. रात्री स्वयंपाक लवकर उरकावा म्हणून भात. शाळेतून आलेल्या पोराच्या हातात मैद्याचे पाव किंवा शेवया. ज्याच्या रानात ज्वारी उभी, त्याच्या घरी भाकरी आठवड्यातून दोनदा! "पिकते तिथे विकत नाही" अशी जुनी म्हण आहे. आता "पिकते तिथे शिजत नाही" अशी नवी म्हण करावी लागेल, अशी वेळ आली आहे.

हा लेख नुसत्या भाकरीच्या कौतुकासाठी नाही. अख्खे धान्य, म्हणजे कोंडा आणि अंकुर न काढलेले धान्य, घरातल्या प्रत्येकाच्या पानात रोज कसे यावे आणि ते का यावे, याचा हिशेब आपल्याला मांडायचा आहे.

दाण्यात काय असते?

ज्वारीचा एक दाणा घ्या. त्याचे तीन भाग असतात. बाहेरची साल म्हणजे कोंडा. टोकाशी इवलासा अंकुर. जमिनीत पडल्यावर कोंब येतो तो तिथून. आणि मधला मोठा पांढरा भाग म्हणजे पिठूळ गर. गर पोट भरतो, अंगात ताकद देतो. पण चोथा, लोह आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. तांदूळ पांढराशुभ्र करताना किंवा गव्हाचा मैदा करताना हे दोन्ही भाग काढून टाकले जातात. आपण किंमत मोजून गर घेतो आणि कस गिरणीत सोडून येतो. तो कोंडा पुढे जनावरांच्या खाद्यात जातो. जनावर धष्टपुष्ट होते, याचे नवल वाटायला नको.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्याकडील खाद्यपदार्थांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यातील काही आकडे ढोबळमानाने असे आहेत. प्रत्येक आकडा १०० ग्रॅम कोरड्या धान्याचा किंवा पिठाचा आहे.

ज्वारी: चोथा सुमारे १० ग्रॅम, लोह ४ मिलिग्रॅम
बाजरी: चोथा साडेअकरा ग्रॅम, लोह ६.४ मिलिग्रॅम
नाचणी: चोथा ११ ग्रॅम, लोह साडेचार मिलिग्रॅमच्या वर, शिवाय चुना ३६० मिलिग्रॅम
गव्हाचे अख्खे पीठ: चोथा ११ ग्रॅम, लोह ४ मिलिग्रॅम
पांढरा तांदूळ: चोथा ३ ग्रॅमपेक्षा कमी, लोह एक मिलिग्रॅमही नाही
मैदा: चोथा ३ ग्रॅमपेक्षा कमी, लोह पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास

एका मोठ्या भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ लागते. म्हणजे एका ज्वारीच्या भाकरीत ८ ग्रॅम चोथा मिळतो. तेवढ्याच तांदळाच्या भातात जेमतेम सव्वादोन ग्रॅम. चोथ्याने पोट साफ राहते, भूक लवकर लागत नाही आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते.

आजार आता गावात आला आहे

पूर्वी मधुमेह हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार समजला जाई. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचे दिसले. खेड्यांतही शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ जणांना तो आढळला. आपल्या गावातल्या पारावर बसलेली माणसे मोजा, म्हणजे हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहील. बैलजोडी जाऊन ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी बटन दाबले की पाणी येऊ लागले. अंगमेहनत कमी झाली ही चांगलीच गोष्ट आहे. पण ताट मात्र पांढरे होत गेले.

दुसरा आजार बोलून दाखवला जात नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचे दिसले. दिवसभर खुरपणी करून आलेली माउली सर्वांना वाढते आणि शेवटी उरलेल्या भातावर ताक घालून उठते. तिला धाप लागते, चक्कर येते, आणि घरचे म्हणतात, "ऊन लागलं असंल." ते ऊन नव्हे, बंधूंनो. तिच्या पानातले लोह आपण काढून घेतले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. भाकरी हे औषध नव्हे. "ज्वारी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही" असे सांगणारे भेटतात, त्यांचे ऐकू नका. चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही आहार बदलण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भाकरी पानातून का गेली?

कारणे समजून घेतली तरच उपाय सापडतो. पहिले कारण मानाचे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो मिळाली. वडीलधारी माणसे तिची चव आजही विसरलेली नाहीत. हायब्रीड आले; पोते भरले, पण भाकरीची गोडी गेली अशी तक्रार झाली. गहू-तांदूळ खाणे म्हणजे बरे दिवस येणे, अशी समजूत त्या काळापासून पक्की होत गेली. पाहुणा आला की चपातीच झाली पाहिजे, भाकरी वाढणे कमीपणाचे!

दुसरे कारण रेशनचे. गहू आणि तांदूळ आधी दोन-तीन रुपये किलोने मिळत होता, जानेवारी २०२३ पासून मोफत मिळू लागला. हे धान्य गरिबाच्या घराला आधार आहे, ते जरूर घ्यावे. पण फुकटचे शिजते आणि रानातले विकले जाते.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि पुरुषमंडळींनी ते कान देऊन ऐकावे. वैराग भागातल्या एका बैठकीत ज्वारीचे गुण सांगून झाल्यावर मागे बसलेली एक मावशी म्हणाली, "साहेब, भाकरी खायला घरात सातजण हायती. थापायला म्या एकली. तुमी त्यास्नी सांगा की." बैठकीत हशा पिकला, पण मावशीचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. भाताचा कुकर लावून दुसरे काम करता येते. भाकरीला माणूस चुलीपुढे खिळून बसतो, तेही दिवसभर रानात राबून आल्यावर. तेव्हा भाकरी परत यावी असे वाटत असेल तर दळण आणणे, पाणी तापवणे, भाकरी शेकणे ही कामे पुरुषांनी आणि पोरांनी वाटून घ्यावीत. मुलालाही भाकरी थापायला शिकवावी. त्यात लाज कसली?

पीठ बिघडले की भाकरी बिघडते

नव्या सुना म्हणतात, "आम्हाला भाकरी जमत नाही." पुष्कळदा दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. गव्हाच्या पिठात चिवटपणा असतो, तो ज्वारीत नसतो. म्हणून ज्वारीचे पीठ ताजे हवे. शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. अंकुरात तेल असते, त्यामुळे अख्ख्या धान्याचे पीठ लवकर खवट होते. बाजरीचे तर फारच लवकर कडू होते. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

दळण आठ-दहा दिवसांपुरतेच आणावे. पावसाळ्यात आणि बाजरीच्या बाबतीत त्याहूनही कमी.

पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. जुन्या पिठात नवे मिसळू नये.

धान्य दळण्यापूर्वीच निवडून स्वच्छ करावे. म्हणजे पीठ बारीक चाळणीने चाळण्याची गरज राहत नाही. चाळणीत राहिलेला कोंडा टाकू नये, पिठातच मिसळावा. गव्हाच्या कणकेलाही हाच नियम लावावा. नुसती चाळणी बाजूला ठेवली तरी अर्धे काम झाले.

पीठ थोडे जुने असेल तर उकळते पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि मग कोमट पाण्याचा हात लावून चांगले मळावे. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरून लगेच पाण्याचा हात फिरवावा. ते पाणी सुकायच्या आत उलटावी, म्हणजे पापुद्रा सुटतो.

ज्यांना अजिबात जमत नाही त्यांनी चार वाट्या गव्हाच्या पिठात एक वाटी ज्वारीचे पीठ मिसळून पोळी लाटावी. हात बसला की ज्वारी वाढवत न्यावी.

भाकरीशिवायही ज्वारी

रोज भाकरीच करावी असे नाही. आपल्या आज्यांनी याच धान्याचे कितीतरी प्रकार केले होते.

कण्या. ज्वारी गिरणीतून जाडसर भरडून आणावी. पीठ चाळून बाजूला काढावे, ते आंबिलीला येते. कण्या रात्री भिजत घालाव्यात. सकाळी चौपट पाण्यात मीठ घालून मऊ शिजवाव्यात आणि ताकाबरोबर किंवा आमटीबरोबर खाव्यात. कुकरमध्येही होतात. रात्रीच्या भाताला हा उत्तम पर्याय आहे. थापायचे कष्टही नाहीत.

आंबील. चार चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर ताकात कालवून रात्रभर ठेवावे. सकाळी चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत शिजवावे. ठेचलेला लसूण, जिरे, मीठ घालावे. येळवसेला आपण रानात आंबील, भज्जी आणि उंडे खातो. वर्षातून एकदाच का? उन्हाळ्यात रानात नेण्यासाठी बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा आंबील केव्हाही चांगली.

धपाटे. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी गव्हाचे आणि अर्धी वाटी हरभऱ्याचे पीठ. त्यात चिरलेली मेथी किंवा कांदा, तीळ, ओवा, लसूण, तिखट, हळद, मीठ. ताकात मळून ओल्या फडक्यावर थापून तव्यावर भाजावे. दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात, म्हणून पोरांच्या डब्याला सोयीचे.

उडीद घातलेली भाकरी. चार किलो ज्वारीत एक किलो सालीचे उडीद मिसळून दळावे. खानदेशात याला कळण्याची भाकरी म्हणतात. उडीद आपल्याकडेही पिकतो, मग ही भाकरी का करू नये?

शिवाय नागपंचमीच्या लाह्या, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, खपली गव्हाची खीर, थंडीतला हुरडा हे सारे अख्खेच धान्य आहे. आणि सोलापूरची कडक भाकरी! पातळ थापून खडखडीत वाळवलेली ही भाकरी शेंगाचटणीबरोबर आज शहरातली माणसे पैसे मोजून खातात. बचत गटातल्या भगिनींनी याकडे धंदा म्हणूनही पाहावे.

काही सावधगिरी

नुसत्या ज्वारीवर राहणेही बरे नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या संशोधकांना दख्खनमधल्या फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नावाचा कातडीचा आणि पोटाचा रोग आढळला होता. ज्वारीबरोबर डाळ, पालेभाजी, दूध-ताक पोटात गेले तर ही भीती राहत नाही. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते तूर, मटकी, हुलगा, हरभरा भरून काढतात. भाकरी-पिठले, भाकरी-आमटी ही जोडी आपल्या पूर्वजांनी उगाच जमवलेली नाही.

कोंड्यात लोह असते तसा ते लोह अडवून धरणारा एक आम्लपदार्थही असतो. पीठ आंबवल्याने, धान्य भिजवल्याने तो कमी होतो. जेवताना लिंबाची फोड, आवळा किंवा कच्चा टोमॅटो घ्यावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोह अडवतो. रक्त कमी असलेल्या भगिनींनी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्याही चुकवू नयेत.

मोड आणून सत्त्व करायचे तर ते नाचणीचे करावे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे आपल्याला ठाऊक आहे. तेच विष ज्वारीच्या कोवळ्या कोंबातही तयार होते. म्हणून मोड आलेली ज्वारी कच्ची खाऊ नये.

आहार एकदम बदलू नये. पोटात वायू धरतो आणि मग सगळा दोष भाकरीवर येतो. पहिल्या आठवड्यात दिवसाची एक वेळ बदलावी, पाणी भरपूर प्यावे. लहान लेकरांना आणि दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून, नाहीतर मऊ कण्या करून, वर तूप घालून द्याव्यात.

आणखी एक. "अनेक धान्यांचे" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यावर घटकांची यादी असते. ज्याचे वजन सर्वांत जास्त ते नाव पहिले लिहावे, असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे असेल तर समजावे, की धान्य चिमूटभर आणि मैदा पसाभर. शाळेत जाणाऱ्या पोरालाच ती यादी वाचायला लावावी.

घरच्या भाकरीसाठी एक एकर

आता शेतातला हिशेब. घरात सहा माणसे. प्रत्येकी दोन भाकरी धरल्या तर एका वेळेला बारा भाकरी, म्हणजे सुमारे एक किलो पीठ. वर्षाला साडेतीन ते पावणेचार क्विंटल. कोरडवाहू मध्यम रानात रब्बी ज्वारी एकरी तीन ते पाच क्विंटल येते. म्हणजे एक एकर ज्वारीत घरच्या वर्षभराच्या एका वेळच्या भाकरीची सोय होते, वर जनावरांना कडबा मिळतो तो वेगळाच.

पण आपण काय करतो? खळ्यावरून सगळी ज्वारी गाडीत भरतो आणि श्रावणात दुकानातून चढ्या भावाने किलोकिलो आणतो. यंदा आधी घरची पोती बाजूला काढा, मग बाजार. उरलेल्या मालाला भाव पाहून विका. केंद्र सरकार संकरित ज्वारी आणि मालदांडी यांचे आधारभूत भाव वेगवेगळे जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामाला ते अनुक्रमे ३,३७१ आणि ३,४२१ रुपये क्विंटल होते.

जात निवडताना जमीन पाहावी. मालदांडी ३५-१ ही आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्राची देणगी. तिच्या भाकरीची गोडी अजून मागे पडलेली नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या रानासाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा आणि भारीसाठी फुले वसुधा या जाती दिल्या आहेत. हुरड्याला फुले उत्तरा आणि लाह्यांना फुले पंचमी आहे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या दरम्यान ओलीवर करावी. एकरी चार किलो बियाणे पुरते. काणी येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळावे.

साठवताना दाणा दाताखाली कट्ट वाजेल इतका वाळवावा. कोठी स्वच्छ, कोरडी आणि भिंतीपासून थोडी दूर असावी. राहत्या घरात विषारी वायूच्या गोळ्या धान्यात मुळीच ठेवू नयेत. धान्य वाचेल, पण माणूस जाईल.

उद्यापासून काय करावे?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत रोजच्या तृणधान्यांपैकी निदान निम्मे धान्य अख्खे असावे असे म्हटले आहे. निम्मे म्हणजे एक वेळ. एवढे जमणार नाही असे घर नाही. सोमवार ते शनिवार एका वेळेला भाकरी, कण्या किंवा धपाटे; दुसऱ्या वेळेला रेशनच्या गव्हाची न चाळलेल्या पिठाची चपाती आणि थोडा भात. रविवारी घरच्यांना आवडेल ते करा. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी शिळ्या भाकरीचा कुस्करा किंवा लाह्यांचा चिवडा ठेवा. पाहुणा आला तर त्यालाही गरम भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी वाढा; तो नाव ठेवणार नाही, उलट दुसरी मागून घेईल.

२०२३ हे वर्ष, भारताने सुचवल्यावरून, संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. जगाला जे आता पटू लागले आहे, ते बार्शीच्या काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या उभे आहे. हस्ताचा पाऊस झाला, वाफसा आला की पाभर हाकताना बाजाराच्या पोत्यांबरोबर घरच्या परातीचाही हिशेब धरा. आणि पहिली गरम भाकरी यंदा तिच्या पानात पडू द्या, जी आजवर सर्वांना वाढून शेवटी जेवत आली.